पेन ड्राइव्हवर फाइल कॉपी होत नाही? फॉरमॅटचं बटण सगळ्यात शेवटी

पेन ड्राइव्हवर फाइल जात नाही म्हटलं की दहातले आठ जण एकच सल्ला देतात: फॉरमॅट मार. बऱ्याचदा त्याने काम होतंही, त्यामुळे हा सल्ला मरत नाही. पण फॉरमॅट केल्यावर आतला सगळा डेटा जातो आणि मूळ कारण भलतंच असेल तर फाइल तरीही जात नाही. फाइल फार मोठी असणं, नावात नको ते चिन्ह असणं, पोर्ट ढिलं असणं, मूळ फाइलच खराब असणं, यातल्या एकावरही फॉरमॅट हा पहिला इलाज नाही.

खालच्या पायऱ्या मुद्दाम या क्रमाने दिल्या आहेत. आधीच्या पायऱ्यांत डेटाला धक्का लागत नाही, फॉरमॅट जिथे येतो तिथे, म्हणजे पायरी ४ मधल्या दुसऱ्या वाटेत आणि पायरी ९ मध्ये, लागतो. पायरी १ मधली यादी तुम्हाला थेट एखाद्या पायरीवर पाठवत नसेल, तर मधली पायरी गाळून पुढे उडी मारू नका. बहुतेकांकडे विंडोज असल्यामुळे मांडणी विंडोजची आहे. मॅक, लिनक्स आणि फोन यांचं जिथे वेगळं पडतं तिथे तसं सांगितलं आहे.

## तयारी: हात लावण्याआधी

पेन ड्राइव्हवर आधीपासून काही कामाचं असेल, तर ते आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. ड्राइव्ह आजारी आहे अशी शंका असताना त्यावर नवीन लिहिण्याचे प्रयोग करणं म्हणजे होतं तेही घालवणं. वाचता येतंय तोवर वाचून घ्या.

जवळ दुसरा एक चालू पेन ड्राइव्ह ठेवा, शेजाऱ्याचा चालेल. पुढच्या काही तपासण्या त्याच्यावाचून होत नाहीत.

आणि एक सवय आजच मोडा. पेन ड्राइव्हवर फाइल नेताना ‘कट’ करून ‘पेस्ट’ करू नका, नेहमी ‘कॉपी’ करा. कट केलेल्या फोल्डरची वाहतूक मध्येच तुटली, तर काही फाइली इकडे आणि काही तिकडे राहतात. मग कोणत्या कुठे गेल्या हे शोधण्यात संध्याकाळ जाते. मूळ प्रत जागेवर असेल तर पुढचा कुठलाही घोळ निस्तरता येतो.

## पायरी १: संदेश शब्दशः वाचा

‘काहीतरी एरर येतोय’ एवढ्यावर कुणालाच निदान करता येत नाही. खिडकी घाईने बंद न करता मोबाइलने तिचा फोटो काढा. विंडोजचे संदेश रुक्ष असतात, पण बहुधा खरं बोलतात. नेहमी दिसणारे संदेश आणि त्यांच्या पायऱ्या अशा:

- ‘फाइल इज टू लार्ज फॉर द डेस्टिनेशन फाइल सिस्टिम’: पायरी ४
- जागा अपुरी असल्याचा संदेश: पायरी ५
- ‘द डिस्क इज राइट प्रोटेक्टेड’: पायरी ६
- फाइलचं नाव चुकीचं किंवा फार लांब, किंवा फाइल दुसरीकडे उघडी: पायरी ७
- ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ किंवा ‘आय/ओ डिव्हाइस एरर’: आधी पायरी २ आणि ३, मग पायरी ९
- संदेश काहीच नाही, पण कॉपी रेंगाळते किंवा अडकते: पायरी ८

तपासा: मुळात तुम्ही फाइलच कॉपी करताय ना? डेस्कटॉपवरच्या आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण असेल तर तो शॉर्टकट आहे, त्याचा आकार एक-दोन केबी असतो. असे शॉर्टकट पेन ड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सच्या दुकानात पोचलेली माणसं रोज भेटतात. आयकॉनवर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ घ्या आणि तिथली खरी फाइल उचला. दुसरी गंमत वनड्राइव्हची. फाइलशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती तुमच्या कॉम्प्युटरवर उतरलेलीच नसते. नेट बंद असताना ती कॉपी होणार नाही, म्हणून आधी ती उतरवून घ्या.

## पायरी २: दोष तिघांपैकी कुणाचा?

संशयित तीन: मूळ फाइल, पेन ड्राइव्ह आणि कॉम्प्युटर. पोर्ट कॉम्प्युटरच्याच खात्यात धरा. तिघांना वेगळं काढायला पाच मिनिटं लागतात.

नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहून फाइल सेव्ह करा आणि ती पेन ड्राइव्हवर टाका. गेली, तर ड्राइव्हवर लिहिलं जातंय, म्हणजे अडचण त्या विशिष्ट फाइलची, तिच्या आकाराची किंवा नावाची आहे.

ती छोटी फाइलही गेली नाही, तर तीच फाइल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर टाकून बघा. तिथे गेली तर पहिला ड्राइव्ह दोषी. दोन्हींवर गेली नाही तर कॉम्प्युटर दोषी.

आता तुमची खरी फाइल त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्या एखाद्या फोल्डरमध्ये कॉपी करा. तिथेही ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ आला, तर पेन ड्राइव्हचा काही संबंध नाही. तुमच्या हार्ड डिस्कवर ती फाइल जिथे आहे तो भाग वाचला जात नाहीये. असं असेल तर पेन ड्राइव्ह बाजूला ठेवा आणि हार्ड डिस्कचा बॅकअप आजच घ्या.

## पायरी ३: पोर्ट बदला

डेस्कटॉपच्या कॅबिनेटला पुढून जी यूएसबी पोर्टं असतात ती आतून एका वायरीने मदरबोर्डला जोडलेली असतात. वायर ढिली असेल तर कॉपी मध्येच तुटते. मागचं पोर्ट थेट मदरबोर्डवर असतं, तेच वापरा. स्वस्तातला हब किंवा एक्स्टेन्शन वायर मध्ये असेल तर काढून टाका. पोर्टात कचरा किंवा ड्राइव्हच्या टोकावर काळपटपणा दिसला तर कोरड्या कापडाने पुसा. फुंकर मारू नका, तोंडातला ओलावा आत जातो.

ड्राइव्ह लावल्याचा आवाज येतो पण ‘दिस पीसी’मध्ये काही दिसत नाही, असं असेल तर स्टार्टवर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. ड्राइव्ह तिथे दिसत असेल आणि त्याला फक्त अक्षर नसेल, तर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर’मधून मोकळं अक्षर द्या. ऑफिसात नेटवर्क ड्राइव्हने अक्षर अडवलं की हे होतं.

फोनला ओटीजीने, म्हणजे फोनला पेन ड्राइव्ह जोडायच्या सोयीने, ड्राइव्ह लावत असाल तर ओपो, रियलमी, विवो, वनप्लस यांच्या बऱ्याच मॉडेलांत सेटिंगमध्ये ओटीजीचं वेगळं बटण असतं. काही वेळ वापर झाला नाही तर ते आपोआप बंद होतं.

## पायरी ४: फाइल फार मोठी, म्हणजे ४ जीबीची भिंत

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. लग्नाच्या शूटिंगची सहा जीबीची एकच फाइल, पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा आणि पूर्ण रिकामा, तरी विंडोज म्हणतं फाइल फार मोठी आहे. लोकांना वाटतं ड्राइव्ह बनावट निघाला.

ड्राइव्ह ठीक आहे. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे एवढंच. या पद्धतीत एका फाइलचा आकार नोंदवायला ठरावीकच जागा असते. त्यामुळे एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइटची, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी एवढीच होऊ शकते. ड्राइव्ह कितीही मोठा असला तरी हे बदलत नाही. एक-एक जीबीच्या वीस फाइली मात्र निवांत जातात.

खात्री करायला ‘दिस पीसी’मध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘फाइल सिस्टिम’समोर काय लिहिलंय ते वाचा. फॅट३२ असेल तर दोन वाटा आहेत.

पहिली वाट फाइलचे तुकडे करण्याची. सेव्हन-झिप या झिप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्प्लिट टू व्हॉल्यूम्स’ असा पर्याय आहे. तुकडे दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन जोडायचे असतील तर हे उत्तम, कारण ड्राइव्हवरचा बाकी डेटा जागेवर राहतो. पण तुकडे टीव्हीवर चालणार नाहीत.

दुसरी वाट ड्राइव्हची पद्धत बदलण्याची, त्यासाठी फॉरमॅट लागतो. कोणती पद्धत घ्यायची हे ड्राइव्ह पुढे कुठे लावणार यावर ठरवा:

- एक्सफॅट: विंडोज, मॅक, अलीकडचं लिनक्स आणि बरेच नवे फोन व टीव्ही वाचतात. ४ जीबीची अडचण नाही. बहुतेकांनी हीच घ्यावी.
- एनटीएफएस: ड्राइव्ह फक्त विंडोजमध्येच फिरणार असेल तर. मॅक यावरचं वाचतो, पण जादा सॉफ्टवेअरशिवाय लिहीत नाही. मॅकवर ‘पेस्ट’ फिकं दिसत असेल तर कारण बहुधा हेच.
- फॅट३२: गाडीतला स्टिरिओ, जुना टीव्ही, जुना डीव्हीडी प्लेअर. यांना बहुतेक वेळा दुसरं काही कळत नाही.

सावध: भजनांचा किंवा गाण्यांचा पेन ड्राइव्ह गाडीत चालतोय ना? मग एका मोठ्या फाइलसाठी तो एक्सफॅट करू नका, स्टिरिओ त्याला बहुधा ओळखणार नाही. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला फॅट३२चा पर्याय बहुधा दिसत नाही, त्यामुळे परत मागे येणंही सोपं नसतं. वेगळा ड्राइव्ह घ्या, दोन-तीनशे रुपयांचा प्रश्न आहे.

## पायरी ५: ‘जागा नाही’, पण जागा तर दिसतेय

आधी हिशोब समजून घ्या. ३२ जीबी लिहिलेला ड्राइव्ह विंडोजमध्ये २९.८ जीबी दिसतो आणि ६४चा ५९.६. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४च्या पटीत. यात फसवणूक नाही.

खरी गोम छोट्या फाइलींत असते. ड्राइव्ह जागा सुटी देत नाही, ठरावीक आकाराच्या खणांत देतो. ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हवर विंडोजने एक्सफॅट केलं की एक खण १२८ केबीचा असतो. दोन केबीची फाइल ठेवली तरी तिच्या नावावर पूर्ण १२८ केबी लागतात. अशा दहा हजार फाइली मूळच्या २० एमबीच्या, पण ड्राइव्हवर त्या जवळपास सव्वा जीबी खातात. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘साइज’ आणि ‘साइज ऑन डिस्क’ हे दोन आकडे वेगळे असतात ते यामुळेच, फक्त तिथे ‘साइज ऑन डिस्क’चा आकडा फाइली सध्या जिथे आहेत त्या डिस्कच्या खणांवरून येतो. उपाय सोपा आहे. छोट्या फाइलींचा फोल्डर झिप करून एकच फाइल न्या. जागा वाचते आणि वेगही कित्येक पटींनी वाढतो.

फाइली पुसल्या तरी जागा मोकळी झाली नाही, असं मॅक आणि लिनक्सवर हमखास होतं. तिथे पुसलेली फाइल पेन ड्राइव्हवरच लपलेल्या कचरापेटीत जाऊन बसते. ड्राइव्ह लावलेला असतानाच ट्रॅश रिकामा करा. विंडोजचं उलट आहे. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये येत नाही, थेट जाते. जागा करायच्या नादात काय पुसताय ते दोनदा बघा.

## पायरी ६: ‘राइट प्रोटेक्टेड’

क्रमाने चार गोष्टी तपासा.

१. ड्राइव्हच्या अंगावर सरकतं छोटं बटण आहे का? मेमरी कार्डाच्या अडॅप्टरवर डाव्या कडेला अशी खुंटी असते. ती खाली सरकली की लिहिणं बंद.

२. दुसरा पेन ड्राइव्हही याच कॉम्प्युटरवर हाच संदेश देतो का? देत असेल तर कॉम्प्युटरवरच बंदी आहे. बँका, सरकारी कार्यालयं आणि बऱ्याच कंपन्यांत ती मुद्दाम घातलेली असते. काही ठिकाणी फक्त बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या ड्राइव्हवरच लिहू देतात. ही बंदी मोडायचे उपाय नेटवर सापडतील, पण त्या वाटेला जाऊ नका. नोकरीचा प्रश्न असतो. आयटीवाल्यांना विचारा.

३. फक्त हाच ड्राइव्ह, पण सगळ्या कॉम्प्युटरवर? विंडोजमधल्या ‘डिस्कपार्ट’ या आज्ञा टाइप करून चालवायच्या साधनाने त्याची ‘रीड ओन्ली’ खूण काढता येते. आधी ‘लिस्ट डिस्क’, मग आकार पाहून ‘सिलेक्ट डिस्क’ आणि पुढे त्या डिस्कचा क्रमांक, मग ‘ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली’. सावध: डिस्कपार्ट ‘खात्री आहे का’ असं विचारत बसत नाही. डिस्कचा क्रमांक चुकला तर तुमच्या हार्ड डिस्कवर काम सुरू होतं. यादीतला आकार पेन ड्राइव्हचाच आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि हात थरथरत असेल तर जाणत्याकडून करून घ्या.

४. खूण काढूनही संदेश तोच? मग ड्राइव्हचं आयुष्य संपलं. आतली मेमरी झिजली की नियंत्रक चिप स्वतःहून लिहिणं थांबवते, म्हणजे निदान असलेलं वाचता यावं. याला सॉफ्टवेअरने औषध नाही. ‘१०० टक्के दुरुस्ती’वाली फुकट सॉफ्टवेअर उतरवून कॉम्प्युटरला नवा आजार लावून घेऊ नका. डेटा उतरवा आणि ड्राइव्ह निवृत्त करा.

## पायरी ७: नाव, रस्ता आणि उघडी फाइल

फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह, तारा, अपूर्णविराम म्हणजे कोलन, दुहेरी अवतरण, उभी रेघ, तिरक्या रेघा किंवा कोनी कंस असतील तर विंडोजला ते चालत नाहीत. लिनक्सवर बनवलेल्या फाइलीत यांतली बरीच चिन्हं चालून जातात, म्हणून घोळ होतो. ‘बिल क्र. १२: अंतिम?’ याऐवजी ‘बिल क्र. १२ - अंतिम’ लिहा. मराठी नावांना अडचण नाही. फक्त गाडीच्या स्टिरिओवर देवनागरीऐवजी चौकोन दिसू शकतात, गाणं मात्र वाजतं.

नाव छोटं असूनही ‘टू लाँग’ म्हणतंय? विंडोज फोल्डरांची सगळी नावं धरून मोजतं आणि मर्यादा २६० अक्षरांची असते. फोल्डरात फोल्डर, त्यात ‘नवीन’, त्यात ‘नवीन फायनल’ अशी उतरंड असेल तर वरच्या फोल्डरांची नावं छोटी करा.

‘फाइल इन यूज’ आलं तर ती वापरणारा प्रोग्रॅम बंद करा. सीएकडे टॅलीचा डेटा नेणाऱ्यांनी हे विशेष पाळावं. टॅली चालू ठेवून डेटाचं फोल्डर कॉपी करू नका. टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि ती बॅकअप फाइल न्या.

## पायरी ८: कॉपी रेंगाळते किंवा ९९ टक्क्यांवर अडकते

सुरुवातीला जोरात पळून मग वेग कोसळणं हे स्वस्त ड्राइव्हचं नेहमीचं वागणं आहे. सुरुवातीचा डेटा कॉम्प्युटर आपल्या मेमरीत किंवा ड्राइव्ह आपल्या वेगवान भागात घेतो. तो भरला की खरा वेग उघडा पडतो. साध्या ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग सेकंदाला ५ एमबी असला तर ३२ जीबी भरायला पावणेदोन तास लागतात. हा बिघाड नव्हे.

अडकलंय की चालू आहे हे ओळखायला ड्राइव्हचा दिवा बघा. लुकलुकत असेल तर थांबा. दिवा नसेल तर टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये, तिथे ड्राइव्ह दिसत असेल तर, त्याची हालचाल पाहा. दहा-पंधरा मिनिटं काहीच हललं नाही तर रद्द करा, पोर्ट बदला आणि थोड्या-थोड्या फाइली करून पाठवा. दर वेळी एकाच फाइलवर गाडी थांबत असेल तर ती फाइल पायरी २ प्रमाणे तपासा.

लिनक्सवर पट्टी झपकन पूर्ण होते आणि खरं लिहिणं मागे चालूच असतं. तिथे ‘इजेक्ट’ करून ‘आता काढा’ असं सांगेपर्यंत ड्राइव्हला हात नको.

## पायरी ९: तपासणी, आणि गरज पडली तरच फॉरमॅट

आधी ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टूल्स’ आणि तिथे ‘चेक’. घाईत उपटलेल्या ड्राइव्हची नोंदवही, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची यादी, बिघडलेली असते, ती बहुधा इथेच सुधारते.

फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसत असतील तर तो व्हायरस आहे. सायबर कॅफे आणि झेरॉक्सच्या दुकानांतून तो अजूनही फिरतोय. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका, व्हायरस त्यानेच सुरू होतो. तुमचे खरे फोल्डर लपवलेले असतात. एक्सप्लोररच्या पर्यायांत लपलेल्या फाइली दाखवा, ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’वरची खूण काढा, डेटा उतरवा, अँटिव्हायरसने तपासा आणि मग ड्राइव्ह फॉरमॅट करा. इथे फॉरमॅट योग्यच आहे.

फॉरमॅट करताना ड्राइव्हचं अक्षर दोनदा वाचा. ‘क्विक फॉरमॅट’ फक्त नोंदवही नवी करतो. खराब जागा आहेत अशी शंका असेल तर ‘क्विक फॉरमॅट’वरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. वेळ लागतो, पण ड्राइव्ह कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासला जातो.

ड्राइव्ह संशयास्पद स्वस्त मिळाला असेल, म्हणजे चारशे रुपयांत २ टीबी वगैरे, तर फॉरमॅटने काही होणार नाही. असे ड्राइव्ह खोटा आकडा सांगतात. पहिल्या काही फाइली नीट जातात आणि पुढच्या नावापुरत्या दिसतात पण उघडत नाहीत. रिकाम्या ड्राइव्हवर विंडोजमध्ये एच२टेस्टडब्ल्यू किंवा मॅक-लिनक्सवर एफ३ चालवा. ही साधनं ड्राइव्ह पूर्ण भरतात, परत वाचतात आणि खरी क्षमता सांगतात.

## पायरी १०: गेली म्हणजे खरंच गेली का?

यादीत नाव दिसलं म्हणजे फाइल पोचली असं नाही. टास्कबारमधून ‘इजेक्ट’ करा, ड्राइव्ह काढा, परत लावा आणि पेन ड्राइव्हवरूनच फाइल उघडा. व्हिडिओ असेल तर मधून आणि शेवटून थोडा चालवून बघा. महत्त्वाचं असेल तर दोन्हीकडच्या प्रॉपर्टीजमध्ये बाइटचा आकडा जुळवा. त्याहून पक्कं हवं असेल तर सेव्हन-झिपच्या राइट क्लिक मेनूतून दोन्ही फाइलींचं ‘एसएचए-२५६’, म्हणजे आतल्या डेटावरून निघणारा अक्षर-अंकांचा ठसा, काढा. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी पुन्हा कॉपी करा.

छपाईला नेत असाल तर वर्डची फाइल नेऊ नका, पीडीएफ न्या. श्रीलिपीसारख्या फाँटमधला मजकूर तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला की अक्षरांची खिचडी होते आणि दोष पेन ड्राइव्हवर येतो.

निवृत्त केलेल्या ड्राइव्हबाबत एक व्यवहाराची गोष्ट. ‘राइट प्रोटेक्टेड’ होऊन बसलेल्या ड्राइव्हवरचं काहीच पुसता येत नाही. वॉरंटीत बदलून घ्यायला दिलात तर आधार, पॅन, घरचे फोटो, जे काही त्यावर आहे ते सगळं सोबत जातं. तसं काही असेल तर तीनशे रुपयांवर पाणी सोडा आणि आतली काळी चिप पक्कडीने फोडून मग टाका.